हलव्याखालचा लाल चौकोन

आईने माझं थंडीभराचं काम गाजराच्या हलव्याखाली पुरलं आणि वरच्या मजल्यावर पोचवलं, तेव्हा मी जयपूरला एका कार्यशाळेत होते. परत आले, बॅग टाकली आणि आधी कपाटावर पाहिलं. जिथे मी बाऊल ठेवला होता, तिथे बाबांच्या औषधांचा डबा ऐटीत बसला होता.

“आई, माझा बाऊल कुठे आहे?”

“कुठला गं?”

“काचेचा. काळा काठ, आत लाल, पिवळा... चौकोन चौकोन.”

“अच्छा, तो रांगोळीचा वाडगा. वर गेलाय.”

वर म्हणजे आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये. तिथे नवीन मुलगा आला होता. सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, सांगलीकडचा, एकटा. आईला एवढी माहिती पुरेशी होती. दिल्लीत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या मराठी बाईला वरच्या मजल्यावर मराठी मुलगा राहायला आला, की तो उपाशी असणार असंच वाटतं.

“स्टीलचे डबे सगळे शेजारच्या चड्ढांकडे अडकलेत,” आई म्हणाली. “हा समोर दिसला. चांगला खोलगट होता.”

मी डोकं धरून खाली बसले. बाबांनी पेपर जरा खाली केला. “मला तो आपल्या कॉलनीचा नकाशा वाटायचा,” ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला. ही आमच्या घरातली कलासमीक्षा.

आता तुम्हीच सांगा. गाझियाबादला एका टाइल्सवाल्याच्या गोदामाचा कोपरा मी भाड्याने घेतलाय, तिथे माझी छोटी भट्टी आहे. रंगीत काचेचे सपाट तुकडे कापायचे, एकमेकांना भिडवून मांडायचे, भट्टीत वितळवून त्यांची एक तबकडी करायची. मग ती तबकडी साच्यावर ठेवून पुन्हा भट्टीत. तापली की ती आपल्या वजनाने हळूहळू वाकते आणि साच्यात बसते. काही चित्रांत झाड नसतं, माणूस नसतं, नुसते चौकोन आणि रेषा असतात, आणि तरी आपण त्यांच्यासमोर थांबतो. तसं काहीतरी मला काचेत करायचं होतं. फुटलेल्या आणि बिघडलेल्या सगळ्या प्रयत्नांनंतर हा एक मनासारखा जमला होता. मंडी हाउसजवळच्या एका गॅलरीत माझं पहिलंच प्रदर्शन होतं. सव्वीस जानेवारी झाली, की दुसऱ्या दिवशी बाऊल तिथे पोचवायचा होता. आणि त्यात हलवा.

मी तशीच वर गेले. बेल दाबली.

दार उघडलं तेव्हा आधी मला माणूस दिसलाच नाही. कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर शाल. मधल्या फटीतून फक्त डोळे दिसत होते. डोळे चांगले होते, हे मी रागात असूनही पाहिलं. आणि मग हात दिसले. एका हातात माझा बाऊल, दुसऱ्या हातात चमचा.

“तुम्ही काकूंच्या क्षिप्रा का?” डोळ्यांनी विचारलं.

“मी माझीच क्षिप्रा. तो बाऊलही माझाच.”

“हो हो, मी सुधन्वा. द्यायचाच आहे, पण... अजून संपला नाही.”

“आईने कधीचा दिलाय.”

“पुरवून खातोय,” तो म्हणाला. “खरं सांगू का? आधी नुसता काठ दिसत होता. मला वाटलं, काळा वाडगा आहे. दुसऱ्या दिवशी खाली लाल चौकोन लागला. मग पिवळा त्रिकोण. मग म्हटलं एकदम नाही संपवायचा, रोज थोडा थोडा. उद्या काय निघतंय बघू.”

मी काहीतरी खणखणीत ऐकवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. माझं काम आजवर कुणी असं पाहिलं नव्हतं. लोक फोनवर फोटो पाहतात, ‘नाइस’ म्हणतात आणि पुढे सरकवतात.

“आज ही निघाली.” त्याने चमच्याने उरलेला हलवा बाजूला सारला. तळाशी पांढरी बारीक पट्टी होती, सगळ्या सरळ रेषांमध्ये एकटीच तिरकी. “ही मुद्दाम तिरकी लावलीय ना?”

ही पट्टी म्हणजे माझी दुखरी नस. आई म्हणाली होती, सरकली वाटतं गं. बाबा म्हणाले होते, चालतंय की, कुणाला दिसत नाही. गॅलरीच्या कृतिका मॅडमने फोटो पाहून प्रेमाने विचारलं होतं, बेटा, ये स्लिप हो गया क्या?

“कशावरून मुद्दाम?” मी विचारलं.

“चुकून सरकली असती, तर शेजारच्या तुकड्यांवर चढली असती. किंवा मध्ये फट पडली असती. इथे दोन्ही बाजूचे तुकडे त्याच कोनात कापलेत. म्हणजे कुणीतरी आधी ठरवून हिला जागा करून दिलीय.”

तो हे सगळं एखाद्या इमारतीची पाहणी करावी तसं बोलत होता. मला मात्र एकाएकी तिथे दारात उभं राहायला बरं वाटायला लागलं.

“सगळं सरळ लावलं होतं आधी,” मी म्हणाले. “बाथरूमची फरशी दिसत होती, यार.”

तो हसला. मफलर खाली सरकला आणि चेहरा दिसला. चेहराही ठीकच होता... बरं, ठीकपेक्षा बराच बरा होता.

त्याने उरलेला घास संपवला, “एक मिनिट, धुऊन देतो” म्हणत स्वयंपाकघरात गेला आणि गिझरचा नळ सोडला. वाफ दिसली तशी मी धावलेच आणि त्याचं मनगट धरलं.

“गरम नाही. थंड काचेवर एकदम गरम पाणी घातलं तर तडकते. कोमट घ्या.”

“कोमट,” तो म्हणाला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात काढून घेतला. जरा उशिरानेच काढला असेल.

बाऊल धुतला, पुसला. मी हात पुढे केला, तर हा पठ्ठ्या बाऊल छातीशी धरून उभा.

“असा नाही देता येणार.”

“म्हणजे?”

“रिकामा कसा देऊ? कुणाच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आई ओरडेल.”

“तुमची आई सांगलीत आहे.”

“तिला कळतं.”

ही रीत मलाही माहीत होती. आमच्याकडेही आई चड्ढांचं पातेलं परत करताना त्यात दोन तरी चमचे साखर घालते, आणि चड्ढा आंटी दर वेळी फोन करून विचारतात, की ये चीनी किसलिए?

“मग साखर घाला चमचाभर आणि द्या.”

त्याने डबा उघडून दाखवला. तळाला दोन मुंग्या होत्या. “संपलीय. मीठ आहे, चालेल का?”

“मीठ देतात का कुणी? भांडण होतं.”

“मग नकोच. भांडायला तुम्ही मिठाशिवायच आलाय.”

मी रिकाम्या हातांनी खाली आले. आईने विचारलं, “काय गं, आणलास?” मी म्हणाले, “उद्या देतो म्हणाला.” आई ‘बरं’ म्हणाली आणि पोळी लाटताना उगाचच गुणगुणायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली आला. बाऊलमध्ये बेदाणे होते, त्याच्या घरचे, तासगावच्या मळ्यातले. ट्रंकेच्या तळाशी होते, विसरलोच होतो म्हणाला. आईने त्याला पोहे खायला बसवून घेतलं, बाबांनी त्याला सरकारी क्वार्टरच्या गळक्या टाक्यांबद्दल उलटसुलट प्रश्न विचारले, आणि जाताना दाराशी तो हळूच मला म्हणाला, “बेदाण्यांखालीही छान दिसतो हो.”

मी तो बाऊल धुतला, पुसला, जुन्या साडीत गुंडाळला आणि कपाटात अगदी आत ठेवला. संक्रांतीला बघते, तर आई त्यातच तिळाच्या वड्या रचत होती.

“आई, तो प्रदर्शनाचा आहे.”

“मग कडीकुलपात ठेवायचा. आणि ओळखीचं भांडं दिसलं की त्या पोराला बरं वाटतं. जा, देऊन ये. गोड बोल जरा.”

मी गेले. आईने सांगितलं म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं. कपाळावरची टिकली मात्र आईने सांगितली नव्हती.

मग ते सुरूच झालं. आमच्याकडून काही वर जायचं, त्याच्याकडून काही खाली यायचं. तो स्वयंपाक शिकत होता, सांगलीहून फोनवर. एकदा बाऊल आला, त्यात काळपट काहीतरी होतं.

“हे काय आहे?”

“उपमा.”

“आणि हा रंग?”

“तुमच्या काठाला मॅच केला.”

मी तो उपमा खाल्ला. सगळा खाल्ला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलंय. कारण मला जळकं बिल्कुल चालत नाही, आमच्या घरी त्यावरून भांडणं झालीयत.

एका रविवारी त्याने विचारलं, भट्टी बघायला येऊ का. आम्ही मेट्रोने निघालो. बाहेर धुकं इतकं होतं, की यमुना केव्हा गेली ते कळलंच नाही. पुढे ऑटोत थंडी सगळ्या बाजूंनी आत येत होती. त्याने त्याचा मफलर काढून माझ्या हातात दिला, आणि मी तो ‘नको, नको’ म्हणत गुंडाळून घेतला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. माझ्या शॅम्पूवाल्या नाकाला तो आवडावा, हे मला जरा विचित्रच वाटलं.

गोदामात मी त्याला काच कापायला दिली. त्याने काच कापायचं पेन धरलं आणि दातओठ खाऊन दाबलं.

“जोर नको. काच आपण कापत नाही. तिला फक्त एक रेघ दाखवायची, मग दोन्ही बाजूंनी अलगद दाबायचं. तुटायची ती आपली आपण तुटते.”

मी त्याच्या हातावर हात ठेवून रेघ ओढून दाखवली. टक्. बारीकसा आवाज झाला आणि काच सरळ दुभंगली. तो लहान मुलासारखा खूश झाला. त्याने आणखी पट्ट्या कापल्या, सगळ्या एकदम सरळ. माझ्यापेक्षा सरळ.

“तुझा हात चांगला आहे,” मी म्हणाले, आणि मग लक्षात आलं, की ‘तुझा’ म्हणाले.

त्याच्याही लक्षात आलं असणार. तो खाली बघून पट्ट्या जुळवत राहिला. “तू शिकवलंस चांगलं,” असं म्हणाला.

भट्टीत आदल्या दिवशीच लावलेलं काम होतं. त्याने तिच्यावर हात धरून ऊब घेतली. “उघडून बघायची?”

“छे. अजून थंड होतेय. घाई केली तर तडा जातो. कधीकधी लगेच दिसतही नाही. काच छान दिसते, आपण घरी नेतो, आणि मग एक दिवस कपाटात बसल्या बसल्या फुटते.”

“म्हणजे हळूहळू थंड होऊ द्यायची.”

“बिल्कुल. घाईचं कामच नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मान हलवून ते मनात कुठेतरी लिहून ठेवल्यासारखा दिसला.

आता गंमत ऐका. त्यानंतर ह्या माणसाने खरंच कसलीही घाई केली नाही. जिन्यात भेटायचा, हसायचा. भाजी आणायला सोबत यायचा, पिशव्या धरायचा. सरोजिनीच्या बाजारात गर्दीत हात धरायचा आणि गर्दी संपली की सोडायचा. रात्री जेवणानंतर मेसेज पाठवायचा – ‘आज साबुदाणा भिजला नाही’. मी पुढच्या ओळीची वाट बघायची. पुढची ओळ यायची – ‘उद्या जास्त वेळ भिजवतो’. मी फोन उशीखाली घालून झोपायची.

आणि मी? मी काही कमी बोलणारी मुलगी नाही. ऑटोवाल्यांशी, चड्ढा आंटींशी, टाइल्सवाल्याशी मी तोंड चालवते. पण ह्याच्यापुढे ते एक वाक्य काही येईना. म्हटलं, तो म्हणेल. आणि तो बाऊल तर येतोय-जातोय, मग काय घाई आहे.

मग कृतिका मॅडमचा फोन आला.

“क्षिप्रा, गुड न्यूज. गुरुग्राम का एक कपल है, फोटो देखके ही बाऊल पसंद आ गया. शो खत्म होते ही ले जाएँगे. पक्का समझो.”

मी ‘थँक यू, मॅम’ म्हणाले. पहिलंच प्रदर्शन, पहिलीच विक्री. आईने देवापुढे साखर ठेवली, बाबांनी चक्क पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण रात्री अंथरुणात पडल्यावर झोप येईना. बाऊल गेला, की वर जायचं काय निमित्त राहणार? स्टीलचा डबा? स्टीलच्या डब्यातून कुणाला लाल चौकोन सापडतो?

पंचवीसला आईने मटारच्या करंज्या केल्या. मी त्या बाऊलमध्ये भरून वर नेल्या आणि दारातच त्याला सांगून टाकलं.

“अरे वा,” तो म्हणाला. मग बाऊलकडे पाहिलं. “म्हणजे... हा शेवटचाच फेरा.”

“हो. परवा गॅलरीत द्यायचाय. उद्या परत कर.”

“चांगलंच झालं. म्हणजे तुझ्यासाठी.”

“हो, चांगलंच झालं.”

आम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे होतो आणि मध्ये करंज्यांची वाफ निघत होती. मी मनात म्हणत होते, बोल ना, काहीतरी बोल. तो कदाचित तेच म्हणत असेल. शेवटी तो म्हणाला, “करंज्या गार होतील,” आणि मी खाली आले. जिन्याच्या वळणावर मी डोळे पुसले. थंडीने पाणी येतंय, असं शेजारच्या काकांना सांगितलं.

सव्वीसला सकाळी धुकं लवकर विरलं. टीव्हीवर परेड चालू होती, बाबा शाल पांघरून बसले होते. मी न्हायला गेले होते तेवढ्यात बेल वाजली. बाहेर येते तो आई बाऊल हातात घेऊन उभी होती, आणि चेहरा असा, की जणू कुणी तिची पोळी परत पाठवलीय.

“सुधन्वा देऊन गेला. थांबलाही नाही.”

“मग?”

“रिकामा आहे गं.”

आईने बाऊल उलटा केला, काहीतरी पडेल म्हणून. काही पडलं नाही. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, लख्ख. लाल चौकोन, पिवळा त्रिकोण, तिरकी पट्टी, आणि बाकी काही नाही. एक बेदाणाही नाही.

“विसरला असेल,” बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

“असं विसरतात?” आई म्हणाली. “जळका उपमा आणून दिला पोराने, पण कधी रिकामा नाही दिला. काही बोललीस का तू त्याला?”

मी काही बोलले नव्हते, तोच तर सगळा घोटाळा होता. मला वाईट वाटलं. हिशेब संपला, आता देणं-घेणं काही नाही, असंच त्या रिकाम्या बाऊलने मला सांगितलं. मग दुःखाच्या मागोमाग राग आला, आणि राग आला की माझे पाय आपोआप चालायला लागतात. ओले केस तसेच, हातात बाऊल, मी जिना चढले.

दार उघडंच होतं. तो दाराशी उभा होता, कानटोपीशिवाय. त्याने केस विंचरले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कुडकुडत होता.

“हे काय आहे?” मी बाऊल पुढे धरला.

“बाऊल.”

“रिकामा आहे.”

“हो.”

“साखर संपली?”

“नाही. किलोभर आहे.”

“मग? तुझ्या आईला कळतं ना सगळं? तिला हे कळलं का, की तू...” माझा आवाज चिरकला आणि मला त्याचाही राग आला.

“आईलाच विचारलं,” तो घाईघाईने म्हणाला. त्याला घाई करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “काल रात्री फोन केला. म्हटलं, भांडं रिकामं परत करायचं नाही, हे नेहमीच असतं का? कधीच नाही द्यायचं? ती म्हणाली... ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं असेल तर नाही द्यायचं. आपल्या घरचं भांडं काय, धुवायचं आणि फडताळात ठेवायचं. त्यात कोण साखर घालत बसतं.”

मी पुढे धरलेला बाऊल जवळ घेतला.

“फडताळ म्हणजे?” मी विचारलं. देवाशपथ, त्या क्षणी माझ्या तोंडून हेच निघालं. दिल्लीत वाढल्याचा एवढा पस्तावा मला कधी झाला नव्हता.

“भिंतीतलं कपाट.” तो हसला नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “म्हणून मी... नुसता धुऊन आणला. दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा नाही द्यावासा वाटला. कोमट पाण्यानेच धुतला.”

त्या ‘कोमट’ने माझी सगळी तलवार म्यान झाली.

एवढ्यात डोक्यावरून परेडची विमानं गेली. जिन्याच्या खिडक्या थडथडल्या, खाली कुणाची तरी पोरं ओरडली, आणि सुधन्वाने झटकन पुढे होऊन बाऊलभोवती, म्हणजे माझ्या हातांभोवती, दोन्ही हात धरले. आवाज दूर गेला. खिडक्या शांत झाल्या. हात तिथेच होते.

“फुटत नाही तो एवढ्याने,” मी म्हणाले.

“माहितीय.”

“मग सोड.”

“सोडू?”

त्याचे हात गार होते, आणि मला ते सुटायला नको होते.

“इतके दिवस का नाही बोललास?” मी विचारलं.

“तूच म्हणालीस ना, घाई केली तर तडा जातो.”

“यार सुधन्वा. ते काचेबद्दल होतं.”

“मला काय माहीत. मला एकदम सगळंच पटलं होतं.”

मग मला इतकं हसू आलं, की डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि ह्या वेळी थंडीवर ढकलायला कुणी शेजारी नव्हतं. “मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “जळका उपमा खाल्ला तेव्हापासून. खरं म्हणजे तू ती तिरकी पट्टी ओळखलीस तेव्हापासूनच.”

“मला तू लाल चौकोनापासून आवडतेस,” तो म्हणाला.

“तेव्हा तू मला पाहिलंही नव्हतंस.”

“कुणीतरी हलव्याखाली एवढं करून ठेवलंय, ते कोण असेल, हे वाटत होतं ना. मग तू आलीस भांडायला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बाऊल गॅलरीत नेला. मेट्रोच्या तपासणीच्या पट्ट्यावर मी पिशवी ठेवली आणि पलीकडे तो ओंजळ करून उभा राहिला. तिथला जवान म्हणाला, “भाईसाब, बम तो नहीं है ना?” सुधन्वा म्हणाला, “नहीं सर, बर्तन है, घर का.” मी मफलरमध्ये तोंड लपवलं.

कृतिका मॅडमने बाऊल दिव्याखाली ठेवला, मागे सरून पाहिला, आणि मी तिला सांगितलं, की मॅम, हा दाखवायला आहे, विकायला नाही.

“और गुरुग्राम वाले?”

“उनके लिए दूसरा बना दूँगी. हळूहळू... मतलब, थोड़ा टाइम लगेगा.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी धरून उभ्या असलेल्या सुधन्वाकडे पाहिलं. “ठीक है,” ती म्हणाली. “बस उसमें वो पट्टी सीधी लगा देना.”

“फिर वो बात नहीं बनेगी, मॅम,” सुधन्वा मध्येच म्हणाला, आणि मग स्वतःच दचकला.

प्रदर्शन संपलं त्या संध्याकाळी हलका पाऊस आला, थंडीत येतो तसा, पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा. आम्ही एका छत्रीत, बाऊल मध्ये धरून, क्वार्टरच्या दारात आलो. आईने दार उघडलं आणि सवयीने आधी बाऊलमध्ये डोकावली.

“रिकामाच?”

“काकू,” सुधन्वा म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“घरचाच आहे ना, आई,” मी म्हणाले.

तिने बाऊलकडे पाहिलं, सुधन्वाच्या लाल कानांकडे पाहिलं, आमच्या एका छत्रीकडे पाहिलं. आत बाबांचा पेपर सळसळला आणि थांबला. आईने पदराने डोळ्याची एक कड टिपली आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मग दारात काय धरून उभी राहिलीस? फडताळात ठेव की.”

“कुठल्या?” मी विचारलं. “आपल्या, की वरच्या?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा,” आई म्हणाली. “मी गाजरं किसायला घेते.”